सरकता कळफलक आणि मराठी अक्षरे

रामदासपेठेतल्या आमच्या घरी दिवाळीची आवराआवर निघाली, की टेबलाचा एक खण दरवर्षी उघडून तसाच मिटला जातो. त्यात जुने चार्जर, बंद पडलेली घड्याळे आणि एक जाडजूड मोबाइल आहे. त्याचा पडदा अंगठ्याने ढकलला, की अर्ध्या वाटेपर्यंत तो आपल्या जोराने सरकतो. पुढे आतली स्प्रिंग त्याला ओढून घेते आणि ‘खट्’ असा आवाज होऊन खालून इंग्रजी अक्षरांचा पुरता कळफलक बाहेर येतो. २००९ साली अमेरिकेतल्या मावसभावाने तो मला आणून दिला होता. ऐंशीच्या दशकात मी मिनिटाला तीस शब्दांची मराठी टंकलेखनाची परीक्षा दिलेली. त्यामुळे बोटांखाली खऱ्या कळा असलेला फोन मिळाला, याचे मला केवढे अप्रूप!

वडील तेव्हा वर्ध्याला राहत. त्यांचा फोन साधा, स्वस्तातला. पण त्याच्या आकड्यांच्या कळांवर देवनागरी अक्षरे छापलेली होती. त्यांनी मला मराठीत निरोप धाडला, तर माझ्या महागड्या फोनवर नुसते रिकामे चौकोन उमटले. परदेशात घेतलेल्या त्या फोनात देवनागरीचा फाँटच नव्हता. “बाबा, इंग्रजी अक्षरांत लिहीत जा,” असे मीच त्यांना सांगितले.

काही महिन्यांनी त्यांचा निरोप आला. पहिला शब्द होता के-ए-एल. मी वाचले, ‘काल आली होती. आता बरं आहे.’ ताई पुलगावहून त्यांना भेटायला जाणारच होती; म्हणजे ती जाऊन आली, असे समजून मी निश्चिंत झालो. रात्री शेजाऱ्यांचा फोन आला, तेव्हा कळले की बाबांनी लिहिले होते, ‘कळ आली होती.’ छातीत. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना नागपूरला आणले. रामदासपेठेत दवाखान्यांना तोटा नाही. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर ते दहा दिवस होते. त्यातून ते उठले आणि पुढे सात वर्षे जगले. पण शुद्धीवर आल्यावर ते एवढेच म्हणाले होते, “अरे, मी लिहिलं तर होतं.”

चाळीसेक कळा असलेल्या फोनवर एका ‘ळ’ला जागा का नसावी, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागला.

सरकत्या फोनाची वंशावळ मोठी नाही. १९९६ साली नोकियाने दोन फोन आणले. ८११० या फोनाला कळा झाकणारे सरकते झाकण होते, तर ९००० कम्युनिकेटर हा चष्म्याच्या घरासारखा उघडे आणि आत संगणकासारखा पूर्ण कळफलक दिसे. त्याचे वजन जवळजवळ ४०० ग्रॅम होते. या दोन कल्पनांचा संगम पुढे झाला. २००२ साली अमेरिकेत डेंजर या कंपनीचा हिपटॉप आला. त्याचा पडदा फिरवला की खाली कळफलक दिसे. या कंपनीच्या संस्थापकांपैकी अँडी रुबिन यांनी नंतर अँड्रॉइड सुरू केले. २००८च्या ऑक्टोबरमध्ये बाजारात आलेला पहिला अँड्रॉइड फोन, तैवानच्या एचटीसीचा ‘ड्रीम’, सरकत्या कळफलकाचाच होता, हा योगायोग म्हणता येणार नाही. त्यावर कळांच्या पाच ओळी होत्या. २००९ साली नोकियाचे एन९७ आणि एन९०० आले. त्यांवर मात्र तीनच ओळी होत्या, आणि जागा वाचवण्यासाठी स्पेसची कळ मधोमध न ठेवता उजवीकडे सारलेली होती.

या रचनेचा मोह समजण्यासारखा आहे. फोन मिटला की खिशात मावतो, उघडला की दोन्ही अंगठे मोकळे आणि सारा पडदा वाचायला शिल्लक. किंमत मोजावी लागे ती जाडीची आणि नाजूकपणाची. वरचा पडदा आणि खालचा मुख्य बोर्ड यांना जोडणारी पातळ, लवचिक पट्टी प्रत्येक सरकण्याबरोबर वाकते आणि हजारो वेळा वाकून शेवटी तुटते. माझ्या फोनाचेही तेच झाले. बर्डीवरच्या कारागिराने एकदा पट्टी बदलून दिली. दुसऱ्यांदा ती मिळालीच नाही.

आता देवनागरीची बाजू. टंकयंत्रावर आम्ही अक्षरांचे आकार जोडत असू. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी, ‘क’ नंतर. संगणकासाठी मात्र उच्चाराच्या क्रमाने चालणारा इन्स्क्रिप्ट कळफलक ठरला. १९८६ साली तो मांडला गेला आणि १९९१च्या इस्की या भारतीय मानकात त्याला स्थान मिळाले. डावीकडे स्वर आणि मात्रा, उजवीकडे व्यंजने, अशी ती सुटसुटीत मांडणी आहे. पण मेख इथेच आहे. इंग्रजीची अक्षरे सव्वीस, आपली पन्नासच्या घरात. म्हणून इन्स्क्रिप्टला विरामचिन्हांच्या कळाही लागतात. ‘च’ अर्धविरामाच्या कळेवर, ‘ट’ अवतरणचिन्हाच्या, ‘ड’ चौकोनी कंसाच्या आणि ‘य’ तिरक्या रेघेच्या. अंगठ्यांसाठी केलेल्या तीन ओळींच्या फलकावर आधी छाटल्या गेल्या त्या याच कळा. म्हणजे इन्स्क्रिप्ट जसाच्या तसा बसवला असता, तर ‘चटकन या’ एवढेही लिहिता आले नसते.

दुसरी अडचण निरोपाच्या लांबीची. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. इंग्रजी अक्षराला ७ बिट लागतात, म्हणून १६० अक्षरे; देवनागरीला १६ बिट लागतात, म्हणून फक्त ७०. त्यातही प्रत्येक काना, वेलांटी आणि हलन्त स्वतंत्र मोजला जातो. ‘दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा’ एवढ्यातच २७ जागा संपतात. सणाच्या दिवशी सवलतीचे पॅक चालत नसत, तेव्हा मराठीत चार ओळी लिहायच्या म्हणजे दुप्पट-तिप्पट पैसे.

पण या दोन अडचणींपेक्षा मोठी होती ती गृहीत धरण्याची सवय. २००० साली नोकियाच्या ३२१०वर हिंदी मेन्यू आला, पुढे स्वस्त फोनांच्या कळांवर देवनागरी छापली गेली. महागडा, पूर्ण कळफलकाचा फोन घेणारा मात्र इंग्रजीतच लिहिणार, असे सगळ्यांनी धरून चालले. गरिबाच्या फोनाला लिपी मिळाली, श्रीमंताच्या फोनाला कळा मिळाल्या. दोन्ही एकत्र आल्याचे मी तरी पाहिले नाही. आणि यात ग्राहकाचा दोषही आहे. मी स्वतः कधी दुकानात जाऊन मराठी कळफलक मागितला नाही. उलट ज्याच्याकडे लिपी होती, त्यालाच ती सोडायला सांगितले.

२००७ साली आयफोन दाखवताना स्टीव्ह जॉब्स यांचा आक्षेप होता, की प्लास्टिकच्या कळा गरज असो वा नसो, जागा अडवून बसतात आणि बदलता येत नाहीत. मला तेव्हा हा युक्तिवाद पटला नव्हता. बोटांना कळ लागलीच पाहिजे, असे माझे मत होते. आज कबूल करतो, की मराठीपुरते तरी त्यांचे म्हणणे खरे ठरले. काचेवरच्या कळांना छपाई लागत नाही. क्षणात इंग्रजी, क्षणात देवनागरी. २०१६ साली तर भारतीय मानकानेच सांगितले, की फोनवर इंग्रजी, हिंदी आणि आणखी एका भारतीय भाषेत लिहिता आले पाहिजे आणि सर्व २२ भाषा वाचता आल्या पाहिजेत.

तरीही माझी नात मला रोमन अक्षरांतच लिहिते. तिच्या फोनात ‘ळ’ आहे, पण सवय आमच्या पिढीने लावलेली आहे. गेल्या दिवाळीत मी तिला खणातला फोन दाखवला आणि बाबांच्या निरोपाची गोष्ट सांगितली. तिने दोन-तीनदा फोन उघडमीट केला, आवाज ऐकून हसली आणि म्हणाली, “आबा, यावर पणजोबांचा मेसेज अजून आहे का?”

असेल. पट्टी तुटल्यामुळे पडदा काळाच राहतो.