सोलापूरचा लंबक

१९४० साली सोलापुरात दयानंद कॉलेज निघाले. पुढे जिल्ह्याचे विद्यापीठ बदलत गेले: १९६२ ला शिवाजी, २००४ ला सोलापूरचे स्वतःचे. प्रयोगशाळेतला लंबक मात्र तोच! मीटरभर दोऱ्याला गोळी टांगायची, पन्नास झोके मोजायचे. शंभर सेकंदांच्या किंचित वर वेळ लागतो. त्यावरून पडत्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो ते निघते. नीट केले तर ९७८ सेंटिमीटरच्या आसपास. पुस्तकात असते ९८१. मग पोरगं भिऊन गुपचूप आकडा फिरवतं.

अहो, ९८१ हा पॅरिस-लंडनकडचा आकडा. १६७२ साली रीशे हा फ्रेंच ज्योतिर्विद विषुववृत्ताजवळ केयेनला गेला, तर त्याचे लंबकाचे घड्याळ रोज अडीच मिनिटे मागे! त्याने वेळ फिरवली नाही. लंबक आखूड केला. पृथ्वी मध्यावर फुगीर आहे, याच्या पुराव्यात न्यूटनने हेच निरीक्षण धरले. सोलापूरही विषुववृत्तापासून अठरा अंशांच्या आतच. गुरुजी, इथे ९७८ च बरोबर.