चंबूची कुळकथा

कुंभकोणमजवळच्या तिरुप्पनंदाळ या गावी जो काशीमठ आहे, त्याचे मूळ पीठ कुमरगुरुपरर या शैव संतकवीने सतराव्या शतकात प्रत्यक्ष काशीक्षेत्री स्थापिले, आणि १७२० च्या सुमारास, तंजावरावर भोसल्यांचा अंमल असताना, ते या गावी स्थिरावले. काशीची यात्रा करून दक्षिणेत परतणारे यात्रेकरू तोंड बंद केलेल्या ज्या तांब्याच्या इवल्या पात्रातून गंगोदक आणीत, त्याला तमिळ घरांत ‘काशी सोंबू’ म्हणतात. आपल्याकडे तीच गंगाजळी, जी पुढे संस्थांच्या दफ्तरांत राखीव निधीच्या अर्थाने रूढ झाली.

सोंबू म्हणजे मूळचा ‘चेंबु’, आणि चेंबु म्हणजे तांबे. त्याच कुळातला आपला चंबू. ताम्रापासून तांबे आणि तांब्यापासून पाण्याचा तांब्या ही आपली व्युत्पत्तीही त्याच रीतीची, कारण दोन्ही भाषांनी पात्राला त्याच्या धातूचेच नाव दिले.

या धातूच्या जंतुनाशक गुणाची शास्त्रीय नोंद मात्र उशिरा झाली. विरघळलेल्या धातूचा अत्यल्प अंशही पाण्यातील शेवाळ मारतो, हे स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ नेगेली याचे निरीक्षण त्याच्या मृत्यूनंतर १८९३ साली प्रसिद्ध झाले. ताम्राचे आयन जंतूचे आवरण भेदतात व आतील प्रथिनांचा आणि जनुकद्रव्याचा नाश करतात. बंगळूरच्या संशोधकांनी मुद्दाम दूषित केलेले पाणी तांब्याच्या भांड्यात सोळा तास ठेवले, तेव्हा त्यात रोगजंतू वाढताना आढळले नाहीत, असे त्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केले. तत्पूर्वी, २००८ साली, दोन तासांत ९९.९ टक्के जिवाणू मारणाऱ्या ताम्र-मिश्रधातूंची अमेरिकेच्या पर्यावरण-संरक्षण खात्याने अधिकृत नोंद केली, आणि रुग्णालयांतील खाटांचे कठडे, दारांच्या मुठी अशा मिश्रधातूंच्या घडविण्याचा मार्ग मोकळा झाला.

परंतु या गुणाला एक अट आहे, ती म्हणजे तांब्याचा थेट स्पर्श. चिंचेचा आंबटपणा तांबे-पितळ खातो, म्हणून स्वयंपाकाच्या भांड्यांना आपण कथिलाची कल्हई करतो. ती अन्नाला तांब्यापासून राखते, पण त्याच क्षणी तांब्याचा स्पर्शही हिरावते. रुग्णालयातील ताम्राला मात्र तो स्पर्शच हवा. तेव्हा चमक टिकावी म्हणून त्या कठड्यांवर रोगण चढवू नये, त्यांची स्वच्छता नियमित ठेवावी, आणि तांबे आहे म्हणून हात धुण्याचा नेम मोडू नये, इतकीच रुग्णालयांच्या कारभाऱ्यांस विनंती.