मर्यादेचा आकडा आणि ‘पुरावा नाही’ची भाषा

१

भ्रमणध्वनी आणि त्याचे मनोरे यांच्यासंदर्भात मराठी वृत्तपत्रांनी ‘किरणोत्सर्ग’ हा शब्द सर्रास वापरला आहे. वास्तविक मराठी विश्वकोशाने हा शब्द अणुकेंद्राच्या विघटनातून होणाऱ्या उत्सर्जनासाठी योजला असून, ऊर्जेच्या तरंगरूप प्रसारणासाठी ‘प्रारण’ हा वेगळा शब्द स्वीकारला आहे. पारिभाषिक काटेकोरपणाची बाब म्हणून हा भेद सोडून देता आला असता. परंतु शब्द आपल्याबरोबर स्मृतीही घेऊन येतात. ‘किरणोत्सर्ग’ म्हणताच हिरोशिमा आणि चेर्नोबिल डोळ्यांसमोर उभे राहतात. ‘प्रारण’ म्हटल्यावर काहीच उभे राहत नाही. भ्रमणध्वनीच्या लहरींमध्ये रेणूंचे बंध तोडण्याइतकी ऊर्जा नसते, म्हणून क्ष-किरण किंवा गॅमा किरण यांच्या पंक्तीत त्यांना बसवता येत नाही. मग त्या शरीराचे काय करतात? आणि त्या किती प्रमाणात सोसाव्यात, हे कोणी ठरवले?

या दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास पाहू लागल्यावर ध्यानात येते की, सुरक्षिततेची मर्यादा सांगणाऱ्या आकड्यामागे अनेक निवडी दडलेल्या असतात. अपाय कशाला म्हणायचे, मोजमाप कोणाच्या शरीरावर करायचे, शंका उरल्यास तिचा लाभ कोणाला द्यायचा, या त्या निवडी होत. त्या निवडी ज्या भाषेत मांडल्या किंवा झाकल्या गेल्या, ती भाषा साहित्याच्या अभ्यासकाला परकी वाटू नये.

२

या कथेचा आरंभ भ्रमणध्वनीच्या कितीतरी आधी, रडारपाशी होतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी नौदलाला आपल्या रडारजवळ काम करणाऱ्या माणसांची चिंता वाटू लागली. जर्मनीतून अमेरिकेत गेलेले जीवभौतिकशास्त्रज्ञ हर्मन श्वान यांनी १९५३ मध्ये एक मर्यादा सुचवली: दर चौरस सेंटिमीटरला १० मिलिवॉट. तिच्यामागचा तर्क उष्णतेचा होता. सूक्ष्मलहरी शरीरात शोषल्या गेल्या की त्यांची उष्णता होते. शरीर जेवढी उष्णता सहजपणे बाहेर टाकू शकते, तेवढ्यापर्यंत भय नाही. १९६६ मध्ये अमेरिकेच्या मानकात हाच आकडा अधिकृतपणे दाखल झाला.

सोव्हिएत रशियाने १९५८ मध्ये आपल्या कामगारांसाठी जी मर्यादा ठरवली, ती होती दर चौरस सेंटिमीटरला १० मायक्रोवॉट. म्हणजे अमेरिकी मर्यादेचा एक हजारावा भाग. दोन्हीकडे भौतिकशास्त्र एकच होते आणि मानवी शरीरही एकच. फरक पडला तो अपायाच्या व्याख्येत. पावलॉव्हच्या परंपरेत वाढलेले सोव्हिएत संशोधक मज्जासंस्थेच्या प्रतिसादाकडे पाहत होते. डोकेदुखी, थकवा, झोपेचा बिघाड, चिडचिड अशा कामगारांच्या तक्रारी त्यांच्या लेखी नोंद घेण्याजोग्या होत्या. अमेरिकी संशोधकांच्या मते हे सारे व्यक्तिनिष्ठ होते आणि रशियन प्रयोगांचे तपशीलही तपासण्याइतके उपलब्ध नव्हते. रशियन आकडा कागदावरच असतो, प्रत्यक्षात पाळला जात नाही, असेही अमेरिकेत म्हटले जाई. या आक्षेपांत तथ्य असेलही. तरीदेखील ‘मला बरे वाटत नाही’ हे माणसाचे वाक्य पुरावा मानायचे की नाही, या प्रश्नावर दोन महासत्तांनी दोन उत्तरे दिली, एवढे मान्य करावे लागते.

या मतभेदाला शीतयुद्धाने एक विलक्षण प्रसंग पुरवला. मॉस्कोतील अमेरिकी दूतावासावर १९५३ च्या सुमारापासून सूक्ष्मलहरींचा एक मंद झोत सोडला जात होता. त्याची तीव्रता अमेरिकी मर्यादेच्या कितीतरी खाली होती. अमेरिकेची अडचण अशी की, झोत घातक आहे म्हणून तक्रार करावी तर स्वतःचे मानक खोटे ठरते. घातक नाही म्हणावे तर तक्रारीला आधार उरत नाही. १९६५ मध्ये ‘पँडोरा’ या नावाने गुप्त संशोधन सुरू झाले आणि माकडांवर प्रयोग झाले. ज्या कर्मचाऱ्यांच्या खिडक्यांवर हा झोत पडत होता त्यांना मात्र १९७६ पर्यंत काहीही सांगितले गेले नाही. पुढे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे एब्रहम लिलिअनफेल्ड यांनी मॉस्कोतील कर्मचाऱ्यांची पूर्व युरोपातील इतर दूतावासांतल्या कर्मचाऱ्यांशी तुलना केली. अपायाचा खात्रीलायक पुरावा आढळत नाही, असा १९७८ मधील त्यांचा निष्कर्ष होता. निष्कर्ष दिलासा देणारा होता, पण तोवर विश्वास गेलेला होता. पॉल ब्रॉडर यांचे ‘द झॅपिंग ऑफ अमेरिका’ हे पुस्तक १९७७ मध्येच प्रसिद्ध झाले होते आणि सूक्ष्मलहरींविषयीचा सार्वजनिक संशय त्याने दृढ केला होता. या संशयात लहरींच्या भयापेक्षा लपवाछपवीचा संताप अधिक होता, असे मला वाटते.

३

१९८२ च्या अमेरिकी मानकाने मोजमापाची पद्धतच बदलली. शरीरावर किती लहरी पडतात याऐवजी शरीर किती ऊर्जा शोषते, हे मोजायचे ठरले. ‘विशिष्ट शोषण दर’ किंवा ‘सार’ हे त्याचे नाव. एकक वॉट प्रति किलोग्रॅम. त्याचा पाया उंदीर आणि माकडे यांच्यावरील प्रयोगांचा होता. अन्नासाठी कळ दाबायला शिकवलेल्या प्राण्यांवर लहरी सोडल्या की साधारण ४ वॉट प्रति किलोग्रॅम या पातळीला, शरीराचे तापमान सुमारे एक अंशाने वाढल्यावर, ती कामात टाळाटाळ करू लागतात. या ४ ला दहाने भागून संपूर्ण शरीरासाठी ०.४ ही मर्यादा आली. पुढे सामान्य नागरिकांसाठी तिला आणखी पाचाने भागले, तेव्हा ०.०८ आली. शरीराच्या एखाद्याच भागात ऊर्जा एकवटू शकते, म्हणून तेथे वीसपट सवलत दिली गेली आणि १.६ हा आकडा निघाला. अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने १९९६ मध्ये भ्रमणध्वनीला तोच लागू केला.

हे भागाकार पाहण्याजोगे आहेत. ४ हा आकडा प्रयोगातून आला. दहा आणि पाच हे भाजक मात्र निसर्गाने दिलेले नाहीत. ते माणसांनी सावधगिरी म्हणून निवडले. तशी सावधगिरी बाळगणे योग्यच होते. प्रश्न एवढाच की, निवडलेला आकडा कालांतराने शोधून काढलेल्या आकड्यासारखा वावरू लागतो.

‘इक्निर्प’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने १९९८ मध्ये डोक्यासाठी २ वॉट प्रति किलोग्रॅम ही मर्यादा सुचवली आणि युरोपने १९९९ मध्ये ती शिफारस म्हणून स्वीकारली. २ आणि १.६ यांत फार अंतर नाही असे वाटेल. परंतु अमेरिकेत सरासरी १ ग्रॅम ऊतीवर काढतात, तर युरोपात १० ग्रॅमवर. मोठ्या ढिगाची सरासरी काढली की लहानसा उंचवटा तिच्यात बुडून जातो. त्यामुळे प्रत्यक्ष अंतर आकड्यांत दिसते त्याहून मोठे आहे.

आणि हे मोजायचे कोणाच्या डोक्यात? चाचणीसाठी द्रवाने भरलेले एक प्रमाणित कृत्रिम डोके वापरले जाते. त्याचा आकार १९८८ मध्ये मापे घेतलेल्या अमेरिकी सैनिकांवरून ठरला. शंभरातल्या नव्वद पुरुषांपेक्षा मोठे असे ते डोके आहे. मोठ्या डोक्यात शोषण अधिक होते, म्हणून ही निवड सावधगिरीचीच आहे, असे त्याचे समर्थक म्हणतात. मुलांची कवटी पातळ असते आणि लहरी त्यांच्या मेंदूच्या आतल्या भागांपर्यंत पोहोचतात, असे टीकाकार म्हणतात. ब्रिटनमध्ये सर विल्यम स्ट्युअर्ट यांच्या समितीने २००० मध्ये जो अहवाल दिला, त्यात मुलांनी अनावश्यक संभाषणे टाळावीत असा सल्ला होता. अपाय सिद्ध झाला आहे असे समितीने म्हटले नाही. अज्ञान शिल्लक आहे आणि मुलांपुढे वापराची अनेक वर्षे आहेत, एवढाच तिचा युक्तिवाद होता. सरकारी गद्यात इतकी सरळ कबुली क्वचित आढळते.

४

पुराव्याचे स्वरूप काय होते? तेरा देशांत केलेल्या ‘इंटरफोन’ या अभ्यासाचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. त्यात मेंदूच्या गाठी झालेल्या रुग्णांना आणि निरोगी व्यक्तींना पूर्वीच्या फोनवापराविषयी विचारण्यात आले होते. एकंदरीत धोका वाढलेला दिसला नाही. उलट नियमित वापरणाऱ्यांत तो कमीच दिसला, जणू फोन संरक्षण देत होता. मात्र आयुष्यात १६४० तासांहून अधिक बोललेल्यांच्या गटात ग्लायोमा या गाठीचे प्रमाण १.४ पट आढळले. दहा वर्षांच्या हिशोबात हे रोजचे अर्ध्या तासाचेही संभाषण होत नाही. पण काही व्यक्तींनी सांगितलेले दैनिक तास अविश्वसनीय होते. आजारी माणूस कारणाच्या शोधात स्वतःचा भूतकाळ पुन्हा रचतो. आत्मचरित्राच्या अभ्यासकाला परिचित असलेली ही अडचण येथे संख्याशास्त्रापुढे उभी राहिली. दोन्ही निष्कर्ष स्मृतीच्या याच दोषामुळे डागाळलेले असू शकतात, हे संशोधकांनीच नमूद केले.

याच पार्श्वभूमीवर ३१ मे २०११ रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंशोधन संस्थेने या लहरींना ‘२ ब’ वर्गात टाकले. अर्थ असा: ‘कदाचित कर्करोगकारक’. या ‘कदाचित’ने जगभर गोंधळ उडवला. ज्यांना लोकांना शांत करायचे होते त्यांनी सांगितले की, याच वर्गात कॉफी आणि आशियाई पद्धतीची लोणचीही आहेत. ज्यांना सावध करायचे होते त्यांनी सांगितले की, याच वर्गात डीडीटीही आहे. त्या वेळी दोन्ही विधाने खरी होती. हा वर्ग धोका किती मोठा ते सांगतच नाही. पुरावा किती भक्कम ते सांगतो. ‘कदाचित’ हे विशेषण आपल्या ज्ञानाचे होते. वाचकांनी ते लहरींचे मानले.

त्यानंतरचा पुरावा बहुतांशी दिलासा देणारा आहे. अमेरिकेच्या विषविज्ञान कार्यक्रमाने २०१८ मध्ये नर उंदरांच्या हृदयातील गाठींबाबत ‘स्पष्ट पुरावा’ असा निर्वाळा दिला खरा. परंतु तेच उंदीर लहरींपासून दूर ठेवलेल्या उंदरांपेक्षा अधिक जगले होते. जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्याला भ्रमणध्वनी आणि मेंदूचा कर्करोग यांच्यात संबंध आढळला नाही.

५

भारताने २००८ मध्ये मनोऱ्यांसाठी ‘इक्निर्प’चे निकष स्वीकारले. २०१० मध्ये आंतर-मंत्रालयीन समिती नेमली गेली. त्याच वर्षी मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापक गिरीश कुमार यांनी मनोऱ्यांच्या धोक्यांविषयीचा अहवाल दूरसंचार विभागाला सादर केला. मुंबईच्या उच्चभ्रू वस्त्यांतून तक्रारी येऊ लागल्या आणि अभिनेत्री जुही चावला यांनी हा प्रश्न उचलून धरला. समितीच्या शिफारशींनंतर १ सप्टेंबर २०१२ पासून मनोऱ्यांची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश करण्यात आली: ९०० मेगाहर्ट्झला दर चौरस मीटरला ४.५ वॉटऐवजी ०.४५ वॉट. फोनसंचासाठी अमेरिकेचा १.६ हा कडक आकडा घेतला गेला.

एक दशांशच का? कोणत्याही प्रयोगातून हा अपूर्णांक निघत नाही. तो लोकांच्या अस्वस्थतेला दिलेला राजकीय प्रतिसाद होता, आणि तसा प्रतिसाद देणे हे लोकशाहीत गैर नाही. मात्र त्यासोबत त्याचा विज्ञानही समजावून सांगायला हवे होते. मनोरा दूर असतो आणि फोन कानाला असतो. डोक्यात शोषली जाणारी बहुतेक ऊर्जा फोनचीच असते. मनोरा जितका दूर किंवा क्षीण, तितक्या जोराने फोनला ओरडावे लागते. म्हणून मनोरे हटवण्याने डोक्याचे रक्षण होईलच असे नाही. तरी लोकांचा रोष मनोऱ्यावरच राहिला, आणि त्यामागे निव्वळ अज्ञान नाही. फोन आपण स्वखुशीने घेतो. समोरच्या गच्चीवरचा मनोरा आपल्याला न विचारता उभा राहतो. संमतीचा हा प्रश्न वॉटमध्ये मोजता येत नाही.

मग तो न्यायालयांत गेला. २०१७ मध्ये ग्वाल्हेरमधील एका कर्करोगग्रस्त घरकामगाराच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एक मनोरा बंद करण्याचा आदेश दिला. उलट २०२१ मध्ये ‘फाइव्ह जी’विरुद्धची जुही चावला यांची याचिका दिल्ली उच्च न्यायालयाने फेटाळली आणि २० लाख रुपयांचा दंड ठोठावला, पुढच्या वर्षी तो २ लाखांवर आणला गेला. एकाच देशाच्या न्यायव्यवस्थेत भीतीला एकदा दाद मिळते आणि एकदा दंड होतो, हे पुरेसे बोलके आहे.

६

आकडे पुढेही सरकत राहिले. इटलीने १९९८ मध्ये घातलेले ६ व्होल्ट प्रति मीटर हे बंधन चौरस सेंटिमीटरच्या हिशोबात जवळजवळ १० मायक्रोवॉटच भरते, म्हणजे जुन्या सोव्हिएत आकड्याइतके. २०२४ मध्ये ते १५ वर नेण्यात आले. इटालियनांचे शरीर त्या वर्षी अधिक सोशिक झाले नव्हते. नव्या जाळ्यांची गरज वाढली होती.

या साऱ्या इतिहासात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो १३ ऑगस्ट २०२१ चा वॉशिंग्टनमधील अपील न्यायालयाचा निकाल. संघीय दळणवळण आयोगाने २०१९ मध्ये १९९६ च्या मर्यादा तशाच ठेवल्या होत्या. न्यायालयाने त्या असुरक्षित असल्याचे म्हटले नाही, बदलायलाही सांगितले नाही. कर्करोगाबाबतच्या आयोगाच्या उत्तरात त्याला खोट दिसली नाही. परंतु इतर अपाय, मुले, दीर्घकालीन संपर्क, पर्यावरण यांविषयी समोर आलेल्या आक्षेपांना आयोगाने कारणांसह उत्तर दिले नाही, म्हणून तो निर्णय मनमानी ठरवला. आकडा बरोबर असूनही शासनाची वर्तणूक चूक असू शकते, हे येथे प्रथमच इतक्या नेमकेपणाने नोंदवले गेले.

‘पुरावा नाही’ हे वाक्य दोन प्रकारे उच्चारता येते. शोध घेतला, असा असा घेतला, आणि सापडले नाही, हा एक प्रकार; विचारू नका, हा दुसरा. मॉस्कोच्या दूतावासात २३ वर्षे दुसरा प्रकार चालला आणि पहिल्या प्रकारचे उत्तर नंतर मिळूनही ते कोणाला पटले नाही. लहरी निर्धोक असण्याची शक्यता आज पूर्वीपेक्षा अधिक आहे. पण त्या निर्धोक आहेत हे ऐकून घेण्याची नागरिकांची तयारी शासनाच्या गद्यावर अवलंबून आहे, आणि त्या गद्याची चिकित्सा भौतिकशास्त्रज्ञांवर सोडून देता येणार नाही.