कर्ण भारी की अर्जुन भारी? (अर्थात 'कॅनन'ची गोष्ट)

परवा ऑफिसच्या कँटीनमध्ये दोन ज्युनियर पोरं चहा गार होईपर्यंत भांडत होती. विषय 'स्टार वॉर्स'. एकाचं म्हणणं, स्टारकिलर हा डार्थ व्हेडरपेक्षाही भारी, कारण २००८ च्या 'द फोर्स अनलीश्ड' या गेममध्ये तो आभाळातलं अख्खं लढाऊ जहाज नुसत्या फोर्सने खाली ओढतो. दुसरा शांतपणे म्हणाला, "ते कॅनन नाहीये." विषय संपला!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : डिस्नेने २०१२ मध्ये लुकासफिल्म विकत घेतली आणि एप्रिल २०१४ मध्ये जाहीर झालं की सिनेमे आणि मोजक्या मालिका तेवढ्या अधिकृत. बाकी आधीच्या कादंबऱ्या, कॉमिक्स, गेम्स सगळे 'लेजंड्स', म्हणजे दंतकथा. एका घोषणेत कित्येक योद्ध्यांचे पराक्रम खालसा.

मला हसू आलं, कारण हे भांडण मी शाळेतच भांडून चुकलोय. मी पाटणचा (कोयनेकाठचं, सातारा जिल्ह्यातलं. गुजरातचं नव्हे! दरवेळी सांगावं लागतं). २०१३-१४ मध्ये टीव्हीवर नवीन 'महाभारत' लागायचं आणि दुसऱ्या दिवशी एस.टी. स्टँडवर आमच्यात दोन पार्ट्या पडायच्या. कर्ण पार्टी मोठी. अर्जुन पार्टीत मी आणि अजून एक जण. कर्ण पार्टीच्या म्होरक्याला सगळे 'कर्ण्या'च म्हणायचे. त्याने 'मृत्युंजय' तीनदा वाचलेली. माझ्याकडे उत्तर नसायचं, मग मी म्हणायचो, "ही तर कादंबरी आहे, खरं महाभारत दाखव!"

पण खरं महाभारत म्हणजे कुठलं? हा प्रश्न आमच्या आधी शंभर वर्षं पुण्यात काही मंडळींनी घेतला होता, आणि त्याची सुरुवात आमच्याच जिल्ह्यातून झाली होती, हे मला इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झालं १९१७ मध्ये. पुढच्याच वर्षी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी संस्थेपुढे एक कल्पना मांडली : महाभारताची एक उत्तम, सचित्र आवृत्ती काढा, मी एक लाख रुपये देतो. राजेसाहेब स्वतः चित्रकार, त्यामुळे 'सचित्र' आलंच. विद्वानांना त्यात वेगळंच काम दिसलं. चित्रं काढायची ती कुठल्या पाठाची? काशीची पोथी एक सांगते, केरळची दुसरं. तेव्हा सगळ्यात जास्त चालायची ती नीलकंठाची प्रत. सतराव्या शतकातला हा टीकाकार, घराणं मूळ कोपरगावचं, राहणं काशीत. पण तीही अनेकांपैकी एक.

मग १ एप्रिल १९१९ ला रा. गो. भांडारकरांच्या हस्ते काम सुरू झालं. १९२५ मध्ये सूत्रं आली विष्णु सीताराम सुकथनकरांकडे. हा माणूस केंब्रिजला गणित शिकलेला, मग बर्लिनला जाऊन संस्कृतात डॉक्टरेट केलेला. पद्धत बघा, आपल्या धंद्यातल्या माणसाला लगेच कळेल. देशभरातून पोथ्या जमवायच्या. प्रत्येक श्लोक एका कागदावर मांडायचा आणि खाली प्रत्येक पोथीत काय फरक आहे ते नोंदवत जायचं. तंजावर आणि शांतिनिकेतनलाही हे काम चालायचं. हाताने केलेला 'डिफ'च की! मग पोथ्यांच्या शाखा पाडायच्या : उत्तरेची, दक्षिणेची, त्यात पुन्हा लिपीनुसार पोटशाखा. काश्मीरची शारदा लिपीतली पोथी आणि मल्याळम लिपीतली पोथी यांचा एकमेकींशी संबंध आला नसेल आणि तरी एखादी ओळ दोन्हींत असेल, तर ती जुनी. एकाच शाखेत असेल तर बहुधा मागाहून आलेली.

आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांनी काहीच डिलीट केलं नाही. जे मुख्य पाठात बसलं नाही ते तळटीपेत किंवा परिशिष्टात, कुठल्या पोथीत सापडतं त्याच्या नोंदीसकट. कॉमेंट आऊट केलं म्हणा ना. शिवाय हे व्यासांचं मूळ महाभारत असा दावाही सुकथनकरांनी केला नाही. हाताशी असलेल्या पोथ्यांवरून जितकं मागे जाता येतं तितकं आम्ही गेलो, एवढंच त्यांचं म्हणणं. १९४३ मध्ये ते गेले. पुढे बेलवलकर आणि मग प. ल. वैद्य यांनी काम तडीस नेलं. १२५९ हस्तलिखितं, १९ खंड, ४७ वर्षं. २२ सप्टेंबर १९६६ ला राष्ट्रपती राधाकृष्णन यांनी काम पूर्ण झाल्याचं जाहीर केलं.

आता मुद्द्याचं. या चिकित्सक आवृत्तीत आमच्या कर्णाचं काय झालं?

पहिला धक्का कर्ण पार्टीला. वनपर्वात कर्ण चारी दिशा जिंकून येतो तो दिग्विजय मुख्य पाठातून बाहेर, परिशिष्टात. म्हणजे त्यांचा स्टारकिलरच गेला. कर्णाच्या बाणाने अर्जुनाचा रथ मागे सरकतो आणि कृष्ण 'वा' म्हणतो, ही कीर्तनातली लाडकी गोष्टही नाही. आणि द्रौपदी भर स्वयंवरात "मी सूतपुत्राला वरणार नाही" म्हणते ना, ते तळटीपेत. मुख्य पाठात पुढे ब्राह्मणांमध्ये कुजबुज होते की जे धनुष्य कर्ण-शल्यांसारख्यांना वाकवता आलं नाही, ते या पोराला काय जमणार!

राहिले ते सामने. स्वयंवरानंतर ब्राह्मणवेशातल्या अर्जुनाशी लढताना कर्ण माघार घेतो. घोषयात्रेत गंधर्व त्याला पळवून लावतात आणि दुर्योधनाला सोडवायला अर्जुन-भीम येतात. विराटाच्या गायींसाठी झालेल्या लढाईत अर्जुन एकटा सगळ्यांना भारी पडतो, त्यात कर्ण आहेच.

पण अर्जुन पार्टीने लगेच उड्या मारायचं कारण नाही. युद्धात कर्ण युधिष्ठिर, भीम, नकुल, सहदेव या चौघांनाही हरवतो आणि कुंतीला दिलेल्या शब्दापायी जिवंत सोडतो. घटोत्कचावर शक्ती खर्च झाल्यावर कृष्ण आनंदाने नाचतो आणि अर्जुनाला सांगतो की कवचकुंडलं आणि ती शक्ती असताना कर्णाला तू गांडीव घेऊन काय, मी सुदर्शन घेऊनही जिंकू शकलो नसतो. हे मुख्य पाठातच आहे.

गंमत म्हणजे कॅनन ठरलं १९६६ मध्ये, आणि लगेच १९६७ मध्ये मराठीत दोन पुस्तकं आली. इरावती कर्व्यांचं 'युगान्त', याच चिकित्सक आवृत्तीच्या पायावर उभं, व्यक्तिरेखांना देव न करता तपासणारं. आणि आजऱ्याच्या शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय'. घरोघरी कुठलं गेलं ते सांगायला नकोच. १९७३ मध्ये रणजित देसाईंची 'राधेय' आली. १२५९ पोथ्या एकीकडे आणि मराठी माणसाचा कर्ण एकीकडे.

कॉलेजात हे सगळं वाचून मी सुट्टीत पाटणला गेलो आणि स्टँडवर कर्ण्याला गाठलं. दिग्विजय नाही, रथ सरकत नाही, गंधर्वांपुढे पळाला, विराटात हरला, सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. तो डिप्लोमा अर्धवट सोडून तेव्हा वडलांबरोबर गाडीवर जायचा. वडील ड्रायव्हर. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरं, हरला म्हण. पर मैदानात त्याला आधी बापाचं नाव इचारलं का न्हाई? ते तुज्या त्या पुस्तकात ऱ्हायलंय का काढलंय?"

मी परत येऊन बघितलं. राहिलंय. आदिपर्वात, हस्तिनापूरच्या रंगभूमीवर अर्जुनाने केलेलं सगळं कर्ण करून दाखवतो आणि द्वंद्व मागतो. तेव्हा कृपाचार्य त्याला आईबापाचं नाव आणि कुळ विचारतात. म्हातारा अधिरथ घामाघूम होऊन आत येतो, कर्ण त्याच्यापुढे डोकं वाकवतो आणि भीम म्हणतो की तुला चाबूकच शोभतो. मग सूर्य मावळतो. तो सामना होतच नाही.

सूत म्हणजे सारथी. ड्रायव्हरच्या पोराला हा प्रसंग शोधायला पोथ्या लागल्या नव्हत्या. मी मात्र इतकी वर्षं झालेल्या सामन्यांचे स्कोअर मोजत बसलो होतो.

कर्ण्याची आता स्वतःची गाडी आहे. मागच्या काचेवर काय लिहिलंय ते ओळखा पाहू :) मी अजून अर्जुन पार्टीतच आहे. पण ही वादावादी हल्ली मी जरा हळू आवाजात करतो.