इतवारीच्या आउटरला गाडी का थांबते? रुळांचा ‘सांधा’ समजून घ्या

लग्नाचा बस्ता बांधायला गांधीबागेत जायचं, तर भंडारा-गोंदियाकडची बरीच मंडळी रेल्वेने इतवारीला उतरतात. स्टेशन समोर दिसतं, पण कधी कधी गाडी आउटरलाच उभी. याची कारणं अनेक असतात. कधी प्लॅटफॉर्म रिकामा नसतो, तर कधी सांधा नीट बसलेला नसतो.

सांधा म्हणजे काय?
रेल्वेला स्टिअरिंग नसतं. गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते, ती जागा म्हणजे सांधा, अर्थात पॉइंट. तिथे निमुळत्या टोकाचे दोन रूळ एकदम सरकतात. एक टोक मुख्य रुळाला चिकटतं, दुसरं उघडं राहतं. पूर्वी केबिनमधला माणूस लिव्हर ओढून ते सरकवायचा. आता रुळाशेजारच्या पेटीतली विजेची मोटर काही सेकंदांत हे काम करते.

हिरवा सिग्नल कधी मिळतो?
नुसती मोटर फिरून भागत नाही. टोक घट्ट चिकटून कुलूप बसलं, याची खात्री झाल्यावरच सिग्नल हिरवा होतो. यालाच इंटरलॉकिंग म्हणतात. मध्ये ५ मिलिमीटर जाडीची वस्तू असली तरी कुलूप बसता कामा नये. कर्मचारी तेवढ्या जाडीचा तुकडा घालून ही तपासणी करतात. म्हणजे गिट्टीचा खडा अडकला, तरी गाडी थांबणार.

मोटर बिघडली तर कर्मचारी हँडलने सांधा फिरवतात, क्लॅम्प लावून कुलूप घालतात आणि गाडी हळू सोडतात. यात वेळ जातोच.

ही खबरदारी कशासाठी?
२ जून २०२३ रोजी ओडिशात बालासोरजवळ सिग्नल मेन लाइनचा होता, पण सांधा लूप लाइनकडे होता. कोरोमंडल एक्सप्रेस उभ्या मालगाडीवर आदळली. २९० हून अधिक लोकांचा जीव गेला. सिग्नलच्या वायरिंगच्या कामात झालेली चूक त्यामागे होती.

हे लक्षात ठेवा
• रुळांवर दगड किंवा नाणी ठेवू नका. पोरांनाही समजावून सांगा.
• सांध्यात पाय ठेवू नका. तो दुरून चालवला जातो, कधी सरकेल याचा नेम नाही.
• रूळ ओलांडायला पादचारी पूलच वापरा. विनापरवाना रुळांवर शिरल्यास रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ नुसार ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

गाडी आउटरला थांबली, तर खाली उतरून रुळांवरून चालत निघू नका. बस्ता तासभर उशिरा बांधला तरी चालतो.