१९७५ चं एक भाषण आणि आपलं सिंदी स्टेशन

राजेहो, आज थोडं लांब लिहितोय. चहा घेऊन बसा.

मागच्या आठवड्यात आपल्याच गावच्या एका पोराचा फोटो ग्रुपवर आला. गळ्यात नावाची पट्टी, मागं भलामोठा पडदा, कुठल्यातरी मोठ्या आयटी परिषदेतला. खाली अभिनंदनाची रांग लागली. त्यातच एका काकांनी विचारलं, "हे लोक दोन दिवस तिथं बसून करतात तरी काय?"

प्रश्न बरोबर आहे. बँका, रेल्वे, मोठ्या कंपन्या यांचे कॉम्प्युटर सांभाळणारे आणि त्यांचे प्रोग्राम लिहिणारे वर्षातून एकदा जमतात. काय बिघडलं, कसं दुरुस्त केलं, नवीन काय येतंय हे एकमेकांना सांगतात. ही पद्धत आपल्याकडं साठ वर्षांची आहे, आणि तिची गोष्ट आपल्या स्टेशनापर्यंत येते.

१९६० साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा आपल्या माणसांनी बनवलेला कॉम्प्युटर चालू झाला. १९६४ मध्ये तिथंच अमेरिकेहून सीडीसी ३६०० हे मोठं यंत्र आलं. देशात अशी यंत्रं मोजकीच. अडलं तर विचारायचं कोणाला? ज्याच्याकडं यंत्र आहे त्यालाच. त्या गरजेतून वापरणारे एकत्र आले आणि १९६५ मध्ये कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया उभी राहिली. टिफ्रॅकवर काम केलेले आर. नरसिंहन तिचे पहिले अध्यक्ष. या सोसायटीचं वार्षिक अधिवेशन म्हणजे आजच्या चकचकीत परिषदांची आजीच म्हणा.

आत अधिवेशनं भरत होती तेव्हा बाहेर मात्र लोकांच्या पोटात गोळा होता. कलकत्त्यात एलआयसीचा कॉम्प्युटर बसू नये म्हणून कर्मचाऱ्यांनी इमारतीभोवती रात्रंदिवस पहारा दिला. सरकारनं यांत्रिकीकरणाचा प्रश्न तपासायला समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले संस्थेचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर, ज्यांनी नीळकंठ रथांसोबत भारतातल्या दारिद्र्यावर अभ्यास केला तेच. अहवाल आला १९७२ मध्ये. आज आपण त्या कर्मचाऱ्यांना हसतो. मला हसू येत नाही. शंभर कारकुनांचं काम एक यंत्र करणार म्हटल्यावर घरी चार खाणारी तोंडं असलेला माणूस घाबरेल नाही तर काय?

त्या वातावरणात १९७५ साली सोसायटीचे अध्यक्ष म्हणून फकीरचंद कोहली बोलले. टीसीएस तेव्हा उणीपुरी सात वर्षांची होती. त्यांच्या म्हणण्याचा मतितार्थ असा : औद्योगिक क्रांतीची गाडी आपली चुकली, त्याची कारणं आपल्या हातात नव्हती. आता दुसरी क्रांती आलीय. तिला मुख्य लागते ती नीट विचार करण्याची कुवत, आणि ती आपल्याकडं भरपूर आहे. आपण बरोबरीनं उतरू शकतो, पुढंसुद्धा जाऊ शकतो.

विचार करा, देशात टेलिफोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागायचा, त्या काळातलं हे बोलणं आहे!

पुढं काय झालं? १९७८ मध्ये आयबीएमनं देश सोडला. त्यांची यंत्रं सांभाळायचं काम सीएमसी या सरकारी कंपनीतल्या आपल्या इंजिनिअरांनी उचललं. त्याच सीएमसीनं रेल्वे आरक्षणाचा प्रोग्राम लिहिला आणि १९८६ मध्ये तो दिल्लीत चालू झाला. १९९९ पर्यंत दिल्ली, मुंबई, कलकत्ता, चेन्नई, सिकंदराबाद ही पाचही केंद्रं एकमेकांना जोडली गेली.

आता या आपल्या स्टेशनावर. जाड पुठ्ठ्याचं तिकीट आठवतं का? बाबू ते यंत्रात घालायचा, खट्ट आवाज व्हायचा आणि तारीख उमटायची. लांबच्या प्रवासाचं आरक्षण करायचं तर वर्ध्याला नाहीतर नागपूरला जाऊन रांगेत उभं राहायचं. परतीच्या तिकिटाचं तर देवच जाणे. आज मोबाईलवर दोन मिनिटांत होतं. त्या अधिवेशनांत रंगलेल्या चर्चेचं फळ आपल्यापर्यंत आलं, हे मान्यच केलं पाहिजे.

पण मला इथंच अडखळायला होतं. कोहली बोलले ते विचार करणाऱ्यांबद्दल. आपल्या वाट्याला आलं ते वापरणं. २००१ मध्ये एमकेसीएल निघाली, एमएस-सीआयटीचे वर्ग लहानलहान गावांत पोचले. चांगलंच झालं. आपल्या कितीतरी पोरीबाळींनी तिथं पहिल्यांदा माउस हातात धरला. पण सर्टिफिकेट मिळालं, फाईलला लागलं, आणि गोष्ट तिथंच थांबली. प्रोग्राम लिहायचा तर पुणे, बंगळूर. तिथल्या परिषदेचं तिकीट महाग, बोलणं सगळं इंग्रजीत. कोहलींनी स्वतः उतारवयात कॉम्प्युटरच्या मदतीनं प्रौढांना वाचायला शिकवण्याचं काम धरलं, मराठीतसुद्धा. सभागृहातलं बोलणं आपोआप खाली झिरपत नाही हे त्यांना कळलं असावं, असं मला वाटतं.

हे आजच का सांगतोय? आपल्याकडं ड्राय पोर्ट, लॉजिस्टिक पार्क होतोय. अशा ठिकाणी कंटेनर कुठून आला, कुठं ठेवला, कोणत्या गाडीत चढला, सगळी नोंद कॉम्प्युटरवर असते. ज्यांच्या शिवारालगत हे उभं राहतंय त्यांची पोरं तिथं फक्त गेटवर शिट्टी वाजवणार, की आत स्क्रीनपुढं बसणार? १९६० च्या दशकातल्या कर्मचाऱ्यांची भीती होती तीच ही, फक्त आता ती आपल्या दारात आलीय.

म्हणून एक साधी विनंती. तान्ह्या पोळ्याला बाहेरगावी नोकरी करणारी आपली पोरं हमखास सिंदीत येतात. नंदी बघायला अख्खा गाव लोटतो. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फक्त तीन तास द्या. शाळेचा एखादा हॉल, एक प्रोजेक्टर, आणि नववी-दहावीची मुलं. रोज काय काम करता, कुठं चुकता, कसं शिकलात ते मराठीत सांगा, आपल्या बोलीत सांगा. फी नको, हारतुरे नकोत, नेत्यांची भाषणं तर नकोच. १९६५ मध्ये त्या लोकांनी वेगळं काय केलं होतं? ज्याला येतं त्यानं अडलेल्याला सांगितलं.

फोटोतल्या त्या पोराला मी फोन केला होता. तो हो म्हणालाय. आणखी कोण येणार? खाली नावं लिहा.