गोलातला माणूस

निलंग्याला आमच्या लहानपणी हॉकीची खरी काठी फारशी कुणी हातात धरली नव्हती. बाभळीची वाकलेली फांदी तासायची, चिंध्यांचा चेंडू सुतळीने आवळायचा आणि नीळकंठेश्वराच्या देवळापलीकडे पडीक रानात खेळ मांडायचा. पुढे खेळायला सारेच तयार असत. दोन धोंड्यांच्या मध्ये, गोलात, उभे राहायला मात्र कुणी राजी नसे. सर्वांत लहान म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडे. दहा चेंडू अडवले तरी कुणी शाबास म्हणत नसे. अकरावा सुटला, की सारी आळी अंगावर येई.

१९६४ सालची ही गोष्ट. कोजागिरी नुकतीच झाली होती, घरोघर दिवाळीच्या फराळाचे बेत चालले होते. संध्याकाळी रेडिओवरच्या बातम्यांत कळले, की टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये भारताने पाकिस्तानला एका गोलाने हरवले. माझे मामा मराठा पलटणीत होते आणि तेव्हा रजेवर आले होते. भेटेल त्याला ते एकच सांगत सुटले, "गोलात आमच्या मराठ्यांचा माणूस उभा होता!" शंकर लक्ष्मण हे नाव मी त्या दिवशी प्रथम ऐकले.

शंकर लक्ष्मण यांचा जन्म ७ जुलै १९३३चा, महूचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे जन्मगाव म्हणून ही छावणी आपल्याला ठाऊक आहे. १९४७ साली, अगदी पोरवयात, ते लष्कराच्या बँडमध्ये भरती झाले. आधी फुटबॉल खेळत. मग हॉकीकडे वळले आणि सेनादलाच्या संघातून भारताच्या संघात आले.

त्या काळचा गोलरक्षक म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगायला हवे. गोल बारा फूट रुंद आणि सात फूट उंच. चेंडू दीडशे ग्रॅमहून जड, दगडासारखा टणक. पायाला पॅड बांधलेले. पण आजच्या गोलरक्षकाचे शिरस्त्राण, चेहऱ्यापुढची जाळी, छातीवरचे जाड कवच यांतले काही नाही. सोळा यार्डांच्या वर्तुळातून फटका सुटला, की विचाराला वेळच उरत नसे. डोळे उघडे ठेवून जागेवर उभे राहायचे, हीच पहिली विद्या.

ही विद्या त्यांनी तीन ऑलिंपिकांत पणाला लावली. १९५६ साली मेलबर्नला संपूर्ण स्पर्धेत भारतावर एकही गोल झाला नाही. अंतिम सामन्यात पाकिस्तानला आपण १-० असे हरवले. १९६०ला रोममध्ये पुन्हा तीच गाठ. नसीर बुंदा यांनी एक गोल केला आणि १९२८पासून सतत आपल्याकडे असलेले सुवर्णपदक गेले. २३ ऑक्टोबर १९६४ रोजी टोकियोत मोहिंदर लाल यांच्या पेनल्टी स्ट्रोकवर आपण गोल केला. पुढे पाकिस्तानने हल्ल्यांवर हल्ले चढवले, पण गोल बंदच राहिला. पदक परत आले.

तीन अंतिम सामने आणि त्यांत मिळून एकच गोल! तरीही कित्येक वर्षे लोक रोमचा तो एक गोलच आठवत राहिले.

बचाव करणाऱ्याचे हे नशीब केवळ आपल्याकडचे नव्हे. कॅनडात हॉकी बर्फावर खेळतात. पायांत धारदार स्केट्स, चेंडूऐवजी टणक रबराची चकती. तिथे हा खेळ पैसे घेऊन खेळणाऱ्यांचा. माँट्रियलच्या संघात डग हार्वी नावाचा बचावपटू होता. १९४७ ते १९६१ या काळात तो त्या संघातून खेळला. सहा वेळा स्टॅन्ली कप त्याच्या संघाने जिंकला आणि सर्वोत्तम बचावपटूचे पारितोषिक त्याला सात वेळा मिळाले. त्याच्या पाठीशी उभा असणारा गोलरक्षक जाक प्लाँत. १९५९च्या नोव्हेंबरात चकती लागून त्याचे तोंड फुटले, तेव्हा टाके घालून, मुखवटा चढवून तो परत आला आणि तेव्हापासून त्या खेळात मुखवट्याची चाल पडली.

१९५७ साली खेळाडूंनी आपली संघटना उभारायचा प्रयत्न केला, त्यात हार्वी पुढे होता. १९६१ साली, त्याच हंगामाचे सर्वोत्तम बचावपटूचे पारितोषिक हाती असताना, संघाने त्याला न्यूयॉर्कला देऊन टाकले. संघटनेचा राग त्यामागे होता, असे पुष्कळांचे मत पडले. उतारवयात दारूने त्याला पोखरले. १९८९ साली तो गेला. पैसे मिळवणाऱ्याची ही कथा, मग शिपायाच्या पगारावर खेळणाऱ्याची काय असणार?

शंकर लक्ष्मण यांना मान मिळाला, नाही असे नाही. १९६४चा अर्जुन पुरस्कार, १९६७ची पद्मश्री. १९६६ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत ते कर्णधार होते आणि आपण सुवर्णपदक जिंकले. पण १९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली नाही आणि त्यांनी खेळाला रामराम ठोकला. १९७९ साली मराठा रेजिमेंटमधून कॅप्टन होऊन ते निवृत्त झाले आणि महूलाच राहिले. पुढे पायाला गँग्रीन झाले. उपचारांच्या पैशांची ओढाताण झाली. २९ एप्रिल २००६ रोजी ते गेले. ज्या पायांनी देशाचा गोल अडवला, त्यांच्यावरच अखेरचा घाव आला.

मामांना मी एकदा विचारले होते, "एवढं अडवूनही लोक गोल करणाऱ्यालाच का खांद्यावर घेतात?" बिडी विझवत ते म्हणाले, "गोल झाला की समद्यांना दिसतो रं. न झालेला गोल कुणाला दिसतोय? पहाऱ्यावरच्या माणसाचं तसंच असतंय. रात्र नीट गेली, की त्याची याद कुणाला न्हाई."

आता मामा नाहीत. परवा नातवाला टोकियोच्या सामन्याची गोष्ट सांगत होतो. त्याने वहीच्या कोपऱ्यात १-० असे लिहिले आणि विचारले, "आजोबा, हा एक कुणाचा?"

"मोहिंदर लाल यांचा," मी म्हणालो.

पेन्सिल तशीच धरून तो थोडा वेळ आकड्यांकडे पाहत राहिला. मग शून्यावर बोट ठेवून म्हणाला, "आणि हे?"

मी त्याला जवळ घेतले आणि महूच्या त्या बँडवाल्या पोराची गोष्ट पहिल्यापासून सांगायला लागलो.